आठळीवरचे दात

अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या रागिणी गावंडे यांना पोरं मागून 'बेहडा मॅडम' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. बावन्न वर्षांच्या आयुष्यातली सोळा वर्षं त्यांनी मेळघाटातल्या बेहड्यांमागे घालवली होती. झाड तर एका जागी उभं असतं. मग त्याचं बी रानभर पोचतं कसं, हा त्यांचा प्रश्न. त्याचं उत्तरही त्यांनी शोधलं होतं. चितळ झाडाखाली पडलेली फळं गिळतं, लांब कुठेतरी सावलीत जाऊन रवंथ करत बसतं आणि आतली टणक आठळी तोंडावाटे टाकून देतं. रानात सावलीच्या जागी अशा आठळ्यांचे ढीग सापडतात. रागिणीबाईंनी हे ढीग शोधले, मोजले, नकाशावर मांडले. त्यावर त्यांना पीएचडी मिळाली, परदेशातल्या नियतकालिकात लेख छापून आला, आणि 'चितळ संपलं तर बेहडा संपेल' हे त्यांचं वाक्य पुढे दोन-चार सरकारी अहवालांतही गेलं.

हे काम त्यांनी बी.एस्सी.च्या पोरांना हाताशी धरून केलं होतं. सहकारी त्यांना हसायचे. म्हणायचे, "या वयाच्या पोरांना घेऊन कुठं संशोधन होत असते का?" रागिणीबाई ऐकून घेत आणि दर वर्षी दुसऱ्या वर्षाची सहा-सात पोरंपोरी निवडत. मार्क बघत नसत. कॉलेजच्या मागच्या कडुनिंबापाशी सगळ्यांना उभं करायचं, दहा मिनिटं द्यायची आणि जे दिसेल ते लिहायला सांगायचं. 'हिरवेगार सुंदर झाड' असं जो लिही, तो बाद.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात अकोल्याच्या उज्मा नावाच्या मुलीनं लिहिलं, 'या झाडावर मुंग्या एका बाजूनं चढतात आणि दुसऱ्या बाजूनं उतरतात. काहून, ते माहीत नाही.' परीक्षेच्या कागदावर 'का'च्या जागी वऱ्हाडी 'काहून' लिहिणारी आणि 'माहीत नाही' म्हणायला न लाजणारी ही पोरगी रागिणीबाईंनी तिथल्या तिथे निवडली.

डिसेंबर उजाडला की त्यांच्या वाऱ्या सुरू होत. शनिवारी सकाळची धारणीची एस.टी., परतवाड्याला चहा, मग घाट. दुपारी रानाच्या कडेच्या एका कोरकू गावात उतरायचं. तिथला देवमन पहिल्या वर्षापासून त्यांचा वाटाड्या होता. त्याच्या घराशेजारच्या शाळेच्या खोलीत मुक्काम, त्याची बायको सुंदराबाई हिच्या हातची भाकर, आणि रविवारी उजाडताच रानात. वनखात्याच्या परवानगीचा कागद रागिणीबाईंच्या पिशवीत कायम असायचा.

त्या वर्षीच्या दुसऱ्याच रविवारी ती गोष्ट घडली. एका मोठ्या जांभळाखाली आठळ्यांचा ढीग सापडला होता. पोरं मोजत होती. उज्मा मात्र एकच आठळी हातात घेऊन उन्हाकडे धरून बघत बसलेली.

"उज्मा, मोजायचं सोडून काय करून राहिली तू?"

"मॅडम, हिच्यावर दात हायेत."

रागिणीबाईंनी आठळी हातात घेतली. तिच्यावरच्या वाळलेल्या गरात बारीक खाचा होत्या. अशा खाचा त्यांनी कितीदा तरी पाहिल्या होत्या.

"उंदीर," त्या म्हणाल्या. "चितळानं टाकलेल्या आठळ्या उंदीर नंतर येऊन कुरतडतात."

"पण मॅडम, उंदीर आतलं बी खाईन ना. वरचा गर काहून खरडीन?"

"लिहून घे आणि पुढं चल. अजून चार जागा व्हायच्या आहेत."

उज्मानं लिहून घेतलं.

पुढच्या शनिवारी परतवाडा मागे पडल्यावर उज्मा आपली जागा सोडून त्यांच्याजवळ येऊन बसली. मधल्या दिवसांत ती अकोल्याला घरी जाऊन आली होती. तिनं बॅगेतून कागदाची एक पुडी काढली आणि रागिणीबाईंच्या मांडीवर उघडली. आत आठ-दहा आठळ्या होत्या. बेहड्याच्या नव्हत्या, देशी बदामाच्या होत्या. शाळेच्या मैदानात असतो तो, रुंद पानांचा. प्रत्येकीवर तशाच खाचा होत्या, दोन-दोनच्या जोडीनं.

"आमच्या अंगणात बदाम हाये, मॅडम. पण त्याच्या आठळ्या बदामाखाली नसतात पडत. शेजारच्या कडुलिंबाखाली पडतात. रोज सकाळी झाडून काढाव्या लागतात मले."

"मग?"

"वटवाघळं नेतात. बदाम तोडतात, लिंबावर उलटं लटकून गर खातात आन् आठळी खाली टाकतात. लिंबाखाली आमचा पाण्याचा हौद हाये. अम्मीनं वैतागून त्याच्यावर जुनी साडी बांधली. सकाळी साडीत हे सगळं जमा."

गाडी घाटाला लागली होती. रागिणीबाई आठळी बोटात फिरवत राहिल्या. बदाम आणि बेहडा एकाच कुळातले, हे त्या दर वर्षी पोरांना शिकवत होत्या. फळांची ठेवणही सारखी. सोळा वर्षं त्या मान खाली घालून ढीग मोजत आल्या होत्या. ढीग सापडायचे ते जांभळाखाली, मोहाखाली, दाट पानांच्या झाडांखाली. चितळं सावलीला बसतात म्हणून, असं त्या सांगत. वर बघायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

पण मनाला ते मानवेना. "अकोल्याच्या अंगणातली गोष्ट वेगळी आणि रानातली वेगळी," त्या जरा तुटकच बोलल्या.

"हो मॅडम." उज्मानं पुडी मिटली. मग म्हणाली, "साडी बांधून पाहू का?"

रागिणीबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. नाही म्हणायला कारण शोधून सापडेना. "बांध," त्या म्हणाल्या.

सुंदराबाईनं दोन जुनी लुगडी दिली. कशाला हवीत ते कळल्यावर तोंडाला पदर लावून हसली. देवमननं बांबूचे दांडे तोडून आणले. दिवस मावळायच्या आत जांभळाखाली आणि एका मोहाखाली, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर लुगडी ताणून बांधून झाली. चितळानं काहीही टाकलं तरी ते जमिनीवरच पडणार. लुगड्यात जे पडेल ते वरून आलेलं.

सकाळी रागिणीबाई सगळ्यांच्या पुढे चालत होत्या. गवतावर दव होतं, नेसत्या साडीचा काठ भिजून जड झाला होता. लांबूनच त्यांना दिसलं. जांभळाखालचं लुगडं मधोमध झोळीसारखं खाली आलं होतं. जवळ गेल्या. आत बेहड्याच्या ओल्या आठळ्या होत्या, चावून थुंकलेल्या गराचा चोथा होता आणि काळपट विष्ठेचे डाग. देवमननं बोटानं मोजल्या. एकोणीस.

उज्मा आपलीच काही चूक झाल्यासारखी मागे उभी.

"देवमनभाऊ," रागिणीबाईंनी विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

देवमननं डोक्यावरचं फडकं काढून तोंड पुसलं. "नाई बाई. वाघळं मव्हावर येते, उंबरावर येते, हे मालूम व्हतं. भेडा, तुमचा बेहडा, खाते, हे मलेबी आजच समजलं. रातीले आमी रानात कायले जातो?"

रागिणीबाई खाली दगडावर बसल्या. पोरांना वाटलं, मॅडम आता रागावतील किंवा रडतील. त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही. पिशवीतून वही काढून त्यांनी तारीख टाकली, झाड, उंची, आठळ्यांची संख्या लिहिली. शेवटी 'कल्पना आणि मांडणी: उज्मा' असं लिहून वही तिच्या हातात दिली.

"वाच बरं, नीट लिहिलंय का मी."

उज्मानं वाचलं. नावापाशी येऊन ती ओळ तिनं पुन्हा एकदा वाचली.

परतीच्या गाडीत रागिणीबाईंच्या डोक्यात नको नको ते येत राहिलं. महिन्याभरात प्रकल्पाच्या मुदतवाढीसाठी समितीसमोर बोलायचं होतं. सगळी मांडणी चितळांवर. काही न बोलता दोन वर्षं ढकलता आली असती. कोणाला कळणार होतं? पण मागच्या बाकावर सहा पोरं बसली होती, आणि त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी सकाळी आपल्या तोंडाकडे कसं पाहिलं होतं, ते रागिणीबाईंना आठवत राहिलं. अमरावती आली तेव्हा त्यांचं ठरलं होतं.

मधल्या आठवड्यात त्या अकोल्याला गेल्या. अंगणातला तो लिंब आणि तो हौद त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा होता. उज्माचे वडील अब्दुल रहीम मोटारपंपांचं वाइंडिंग करत. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान होतं. कॉलेजच्या मॅडम आल्यात म्हटल्यावर ते हात पुसत उठले. आई सुरैय्या यांनी खुर्ची पुसून ठेवली. चहा झाल्यावर रागिणीबाई सरळ म्हणाल्या, "तुमच्या मुलीनं माझी सोळा वर्षांची चूक पकडली."

सुरैय्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "माफ करो मॅडम. ये ऐसीच है. बडों के मुँह पे बोल देती. मैं समझाती इसको."

"नका समजावू," रागिणीबाई घाईनं म्हणाल्या. "मी आभार मानायला आले."

सुरैय्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. आभार कसले ते त्यांच्या ध्यानात येईना. रागिणीबाईंनी मग अंगणात जाऊन, लिंबाखाली उभं राहून सगळं समजावून सांगितलं. अब्दुल रहीम कान देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, मोटर जळाली की मी पण पहिले हेच बघतो. खराबी कुठून आली, वरून का खालून." आणि मग लेकीकडे वळून, "अच्छा किया," एवढंच म्हणाले. उज्मानं मान खाली घातली, पण तिचे कान लाल झालेले रागिणीबाईंनी पाहिले.

रागिणीबाईंची एक सवय आता कामी आली. त्या काही टाकून देत नसत. सोळा वर्षांत गोळा केलेल्या आठळ्या कापडी थैल्यांत, जागा आणि तारखेच्या चिठ्ठीसकट, विभागाच्या कपाटात पडून होत्या. शिपाई दर दिवाळीला विचारायचा, "मॅडम, हे भंगार काढू का?" त्या दर दिवाळीला नको म्हणायच्या. आता सगळी तुकडी भिंगं घेऊन बसली. रोज कॉलेज सुटल्यावर दोन तास. खाचांच्या आठळ्या एकीकडे, स्वच्छ आठळ्या दुसरीकडे. तीन आठवड्यांनी हिशेब लागला. दर दहा ढिगांतले सहा वटवाघळांचे, चारच चितळांचे. चितळं खोटी ठरली नव्हती. पण नाल्यापलीकडे, शेताच्या बांधावर, जिथे चितळ जातच नाही तिथल्या बेहड्याच्या रोपांचं कोडं रागिणीबाईंना इतकी वर्षं सुटलं नव्हतं, ते आता सुटलं.

थैल्यांबरोबर पोरांच्या जुन्या वह्याही निघाल्या. एका संध्याकाळी त्या चाळताना रागिणीबाई एका पानापाशी थांबल्या. बारा वर्षांपूर्वीची वही. नितेश नावाच्या मुलाचं गोल गोल अक्षर. 'ढीग क्र. ७. आठळ्यांवर दातांच्या जोडखुणा. वरच्या फांदीवर वाळलेला चोथा चिकटलेला दिसला. मॅडमला विचारणे.' त्याखाली लाल शाईनं त्यांच्याच हातचा एक शब्द होता: 'उंदीर.'

या मुलानं वर पाहिलं होतं. फांदीवरचा चोथासुद्धा टिपला होता. आणि आपण त्याला एका शब्दात गप्प केलं होतं. असे अजून किती जण असतील?

नितेश चांदूर बाजारला असतो, कृषी केंद्र चालवतो, एवढं त्यांना कोणाकडून तरी कळलं होतं. रविवारी वही घेऊन त्या तिकडे गेल्या. बाजाराच्या रस्त्यावरचं दुकान, बाहेर खताची पोती, आत दोन शेतकरी कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल विचारत होते. काउंटरमागे नितेश. कानशिलापाशी थोडे पांढरे झालेले केस, पण चेहरा तोच.

"मॅडम! तुमी?" तो उडी मारल्यासारखा उठला. "फोन करायचा ना. मी घ्यायला आलो असतो."

रागिणीबाईंनी वही काउंटरवर उघडून ठेवली आणि झालं ते सगळं सांगितलं. "तुझं बरोबर होतं, नितेश. माझं चुकलं होतं. तुझ्याकडं लक्ष दिलं असतं, तर हे बारा वर्षं आधी कळलं असतं. मला माफ कर."

नितेशनं पान वाचलं. लाल शब्दावर बोट ठेवून तो हसला.

"मले आठवते, मॅडम. त्या दिवशी वाईट वाटलं होतं, खोटं काहून बोलू? हॉस्टेलवर जाऊन मित्राले म्हणलं, उंदीर झाडावर चढून चोथा चिकटवते काय?"

"मग मला काहून नाही बोलला?"

"भेव वाटे." त्यानं वहीची पुढची पानं उलटली. "पण हे पाहा ना. इथं लाल शाई, इथं लाल शाई. पानोपान तुमी लिहून ठेवलं. माझी वही जन्मात कोणी उघडली नव्हती, मॅडम. ना शाळेत, ना घरी. तुमी शब्द न् शब्द वाचे. आता माझ्याकडं शेतकरी रोगट पान घेऊन येते, तर मी लगेच औषध काढून देत नाही. पयले विचारतो, कोणत्या बाजूनं सुरू झालं, कधी पाह्यलं, शेजारच्या वावरात हाये काय. हे कोणी शिकवलं मले?"

आलेल्या शेतकऱ्यांपैकी म्हातारा जानराव म्हणून एक होता. तो मध्येच म्हणाला, "खरं हाये बाई. लई सवाल विचारते हा. आमी कटायून जातो."

सगळे हसले. रागिणीबाईही हसल्या, पण डोळे भरून आलेच. त्या माफी मागायला आल्या होत्या आणि हा मुलगा त्यांचेच आभार मानत होता. त्यांनी वही मिटली. "आमच्या दुरुस्तीच्या लेखात तुझं नाव राहील," त्या म्हणाल्या. "उज्माच्या खालोखाल. ही नोंद पहिली तुझी आहे."

समितीपुढे त्यांनी आडपडदा ठेवला नाही. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की आमचा आधीचा निष्कर्ष अपुरा होता, आणि ते दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीनं दाखवून दिलं. एका सदस्यानं भुवया वर केल्या. दुसऱ्या बाईंनी विचारलं, "हे आधी का नाही दिसलं?" रागिणीबाई म्हणाल्या, "दिसलं होतं. मी ऐकलं नाही." मुदतवाढ मिळाली, आता वटवाघळांसकट. लेख छापून आला. काही जणांनी टोमणे मारले. बाकीच्यांनी आपापल्या रानात साड्या बांधून पाहिल्या आणि तसं पत्रांनी कळवलं.

पुढच्या हंगामापासून एक नियम पडला. दर रविवारी संध्याकाळी, गाडीची वाट पाहताना, प्रत्येक पोरानं मॅडमच्या एका म्हणण्याला हरकत घ्यायची. बहुतेक हरकती फालतू निघत. रागिणीबाई तरी सगळ्या लिहून घेत.

गेल्या जानेवारीत नितेश एका शनिवारी बायकोसह थेट धारणीच्या वाटेवर भेटला. इतक्या वर्षांत तो रानात आला नव्हता. गावात पोचल्यावर देवमननं त्याला पाहिलं, डोळे बारीक केले आणि ओरडला, "अरे! घाटात उलट्या करनारा पोरगा!" नितेशची बायको हसून हसून खाली बसली. लग्नाला सात वर्षं झाली, पण ही गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती.

उज्माचं ते शेवटचं वर्ष. बंगळूरला एम.एस्सी.साठी तिची निवड झाली होती, जूनमध्ये जायचं होतं. दुपारी सगळे मिळून नव्या जागी साड्या बांधत होते. एक टोक नितेशनं धरलं होतं.

"सर, ढिल्ली हाये," उज्मा त्याला म्हणाली. "अशानं मधात पाणी साचते. खेचा अजून."

"किती खेचू बाप्पा? फाटीन."

"नाही फाटत. सुंदराकाकूचं लुगडं हाये, पक्कं हाये."

रागिणीबाई थोड्या मागे, मोहाच्या मुळीवर बसल्या होत्या. गुडघे आता पूर्वीसारखे साथ देत नव्हते. मागच्या वर्षीची एक मुलगी नव्या पोरांना आठळी कशी धरायची ते दाखवत होती. देवमन कुणाला तरी बांबू तिरपा रोवल्याबद्दल बोलत होता. आपल्याला काय काय मिळालं, याचा रागिणीबाईंना एकदम उमाळा आला. कोणाचे आभार मानावेत, सुरुवात कुठून करावी, हेच त्यांना उमगेना. तेवढ्यात उज्मानं हाक मारली, "मॅडम, इकडच्या फांदीवर चोथा दिसून राहिला, पण हा वेगळाच हाये. येऊन पाहता काय?"

"आले," म्हणत रागिणीबाई मुळीला धरून उठल्या.